तेरा वर्षांचे मालक

३ फेब्रुवारी १९७० या तारखेची एक सरकारी अधिसूचना आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४. ठाणे खाडीच्या पूर्वेच्या गावांमधल्या जमिनी सार्वजनिक कामासाठी लागण्याचा संभव आहे, असा तिचा आशय. त्या दिवशी कुणाच्या शेतात बुलडोझर उतरला नाही, कुणाच्या घराची वीट हलली नाही. मिठागरांचा हंगाम भरात होता, भात झोडून झालं होतं. पुढे ज्याला नवी मुंबई म्हणायचं, त्या ३४४ चौरस किलोमीटरांमधली ९५ गावं तेव्हा तीन तालुक्यांत विभागलेली होती: ठाणे, पनवेल आणि उरण. त्यातले पनवेल आणि उरण कुलाबा जिल्ह्यात. जिल्ह्याचं नाव रायगड व्हायला अजून अकरा वर्षं होती.

कलम ४ वाचायला साधं, पण त्याचा खरा फास भावात होता. अधिसूचनेच्या तारखेला जमिनीचा जो बाजारभाव असेल, तोच मोबदल्याचा पाया. ताबा पाच वर्षांनी घेतला काय आणि पंधरा वर्षांनी घेतला काय, भाव त्या तारखेचाच. मधल्या काळात शेतकऱ्याने विहीर खणली, बांध भक्कम केला, तर कलेक्टरच्या मंजुरीवाचून केलेला तो खर्च भरपाईत धरायचा नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं. एका तारखेला घड्याळ थांबवायचं आणि मग आपल्या सवडीने ताबा घेत जायचं, अशी ती सोय होती. इंग्रजांनी ती रेल्वे, कालवे आणि छावण्यांसाठी केली होती. स्वतंत्र भारताने ती जशीच्या तशी वापरायला घेतली, आणि अख्खं शहर वसवण्यासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर ती क्वचितच कुठे वापरली गेली असेल.

जमिनीची गरज लागली की ती मिळवायचे मार्ग जगभर निरनिराळे आहेत. अमेरिकेत जमिनीखालचं तेल आणि वायू बहुतेक ठिकाणी जमीनमालकाचे. पेन्सिल्व्हेनियात खडकातल्या वायूसाठी विहिरी खणायची लाट आली तेव्हा कंपन्यांचे दलाल भाडेपट्ट्याचे कागद घेऊन शेतकऱ्यांच्या ओटीवर बसले. काहींनी सह्या केल्या, काहींनी दलालाला वाटेला लावलं, गावागावांत त्यावरून भांडणं झाली. फसवणूकही झाली. तरी विहिरीतून निघणाऱ्या वायूत जमीनमालकाला किमान एक अष्टमांश वाटा, म्हणजे साडेबारा टक्के, हे तिथल्या राज्याने १९७९ मध्येच कायद्याने ठरवून ठेवलं होतं. आपल्याकडे ओटीवर कुणी आलं नाही. आली ती नोटीस, आणि तिच्यावर सही करायला जागा नव्हती. साडेबारा टक्क्यांचा आकडा मात्र इथेही यायचा होता. तो पुस्तकातून आला नाही, त्याआधी पाच माणसं गेली.

हे शेतकरी कोण होते, हे आधी पाहिलं पाहिजे, कारण नंतरच्या वर्तमानपत्री चर्चेत ते ‘प्रकल्पग्रस्त’ या एका शब्दात कोंबले गेले. बहुतेक आगरी, कराडी आणि कोळी. भात, मीठ आणि मासळी हे त्यांचं तिहेरी जगणं. या पट्ट्यातली पुष्कळ जमीन समुद्राकडून मिळवलेली. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. भरतीचं खारं पाणी दाराने अडवायचं आणि पावसाळ्यात आतलं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं. काही पावसाळे गेले की माती भाताला राजी होते. एका उधाणात बांधाला खांड पडलं तर शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक नाही. त्यामुळे बांधाची राखण एकट्याची कधीच नसते. रात्री-अपरात्री हाक आली की सगळ्या गावाने फावडी घेऊन धावायचं. अशी जमीन सरकारी मोजमापात ‘खाजण’ किंवा हलक्या प्रतीची ठरते आणि भाव त्याप्रमाणे पडतो. बांधात घातलेले पिढ्यांचे हात सातबाऱ्यावर कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

आणि ही जमीन त्यांची होऊन फार दिवस झाले नव्हते. खोत आणि सावकार या जिल्ह्याचे खरे धनी होते. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी संप पुकारला: खंड परवडत नाही, जमीन कसणार नाही. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. पंचवीस गावांनी सहा वर्षं नांगर उचलला नाही. रानातली लाकडं आणि खाडीतली मासळी यांवर माणसं जगली. डॉ. आंबेडकरांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. त्याआधी, २५ सप्टेंबर १९३० ला, उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झालेला होता. म्हणजे कागद, काठी आणि बंदूक या तिन्ही गोष्टी इथल्या म्हाताऱ्यांनी नव्या शहराच्या आधीच पाहिल्या होत्या.

या सगळ्याचं फळ स्वातंत्र्यानंतर आलं. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचं खरेदीदार मानलं गेलं. जमीन फुकट नव्हती. आकारणीच्या २० ते २०० पटींपर्यंत किंमत ठरायची आणि ती एकरकमी, नाहीतर बारापर्यंत वार्षिक हप्त्यांत फेडायची. हप्ते फिटले की दाखला. आता हिशेब करा. ज्याने बारा हप्ते लावून घेतले, त्याचा शेवटचा हप्ता भरतो न भरतो तोच १९७० ची अधिसूचना आली. त्या कायद्याचं ४३ वं कलम तेव्हा आणखी एक गोष्ट सांगत होतं: अशी मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सावकाराच्या घशात ती परत जाऊ नये म्हणून केलेलं हे चांगलं कलम. पण शेतकऱ्याला ज्याच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नव्हती, त्याच कलेक्टरला शेतकऱ्याच्या परवानगीशिवाय ती घेता येत होती.

माझ्या मते पुढच्या सगळ्या संघर्षाची गाठ इथे आहे. शंभर वर्षं कसलेल्या जमिनीचे ते तेरा वर्षांचे मालक होते. ‘विकासाला विरोध’ म्हणून ज्यांनी या आंदोलनाची बोळवण केली, त्यांना हे तेरा वर्षांचं गणित कधी दिसलं नाही.

दुसऱ्या बाजूच्या माणसांविषयीही न्यायाने बोललं पाहिजे. नवी मुंबईची कल्पना कुणा बिल्डरच्या डोक्यातून निघालेली नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ती मांडली. १९६५ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात ती छापून आली. मुंबई दक्षिणोत्तर लांबत चालली आहे, तिला खाडी ओलांडून पूर्वेकडे वाढू द्या, असं त्यांचं म्हणणं. १७ मार्च १९७० ला हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली. जे. बी. डिसूझा हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. कोरिया आणि पटेल दोघांनीही तिच्यासाठी काम केलं. खासगी मालकांच्या सट्ट्यात शहर अडकू नये, म्हणून सगळी जमीन आधी सरकारने ताब्यात घ्यायची, विकसित करायची, विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, शाळा, रेल्वे उभी करायची, असा तो आराखडा. कागदावर तो निर्दोष आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत आहे: जमीन स्वस्त पडली पाहिजे. कच्चा माल महाग झाला तर शहराचा हिशेबच कोलमडतो. तेव्हा शेतकऱ्याला भाव कमी मिळणं हा त्या योजनेतला अपघात नव्हता. योजनेचा पायाच तो होता. सट्टेबाजांना वगळताना शेतकऱ्यालाही वाढीव किमतीतून वगळलं जातंय, हे त्या हुशार माणसांना उमगलं नसेल असं म्हणवत नाही.

१९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल सुरू झाला, वाशी वसू लागली. ठाणे पट्ट्यातल्या गावांची जमीन तुलनेने मुकाट्याने गेली. माणसं विखुरलेली, कारखानदारीत नोकऱ्या लागतील ही आशा, आणि वकिलाकडे जायला पैसे कुणाकडे होते? गावठाण तेवढं सोडलं, पण त्याच्या कडेने आखणी अशी घट्ट झाली की मुलाला वेगळी चूल मांडायला जागा उरली नाही. गरजेपोटी बांधलेली घरं अनधिकृत ठरली, आणि तो वाद आजतागायत मिटलेला नाही.

उरणच्या बाजूला निराळीच घडामोड चालली होती. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला दीडशेहून अधिक किलोमीटरवर समुद्राखाली तेल आणि वायू सापडला, १९७६ मध्ये बॉम्बे हायचं उत्पादन सुरू झालं, आणि समुद्रतळावरून येणाऱ्या नळांनी जमिनीला टेकण्यासाठी उरणचा किनारा निवडला. ओएनजीसीचा प्रकल्प, बोकडविऱ्याचं वायूवर चालणारं वीजकेंद्र, भेंडखळचा गॅस भरण्याचा कारखाना, न्हाव्याचा पुरवठा तळ अशी रांगच लागली. भारतात तेल-वायू सरकारचा. त्यात जमीनमालकाचा एक अष्टमांशही नाही, एक शतांशही नाही. नुसता नळ शेताखालून न्यायचा असेल तर १९६२ चा वेगळा कायदा आहे. त्यात जमीन शेतकऱ्याचीच राहते, फक्त तिचा ‘वापर-हक्क’ घेतला जातो आणि त्याबद्दल बाजारभावाच्या दहा टक्के दिले जातात. पुढे त्या पट्ट्यावर घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही. धोका मात्र पूर्णपणे स्थानिक. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या याच प्रकल्पात आग लागून चार जण मेले, तेव्हा आजूबाजूच्या गावांनी धूर आणि धावपळ पाहिली.

त्यातच न्हावा-शेवा बंदर ठरलं. मुंबई बंदराचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवं बंदर. शेतकऱ्यांच्या उरल्यासुरल्या जमिनी आता तातडीने हव्या झाल्या. भाव? थांबवलेल्या घड्याळातला.

दिनकर बाळू पाटील यांना सगळे ‘दि. बा.’ म्हणत. जन्म १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. वकील, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, पनवेलचे १९५७ पासूनचे आमदार, १९७७ मध्ये कुलाब्याचे खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. कूळकायदा आणि भूसंपादन कायदा दोन्ही त्यांना तोंडपाठ. मला त्यांच्या राजकारणात जी गोष्ट सगळ्यात वेगळी वाटते ती ही, की त्यांनी नव्या शहराला सरसकट ‘नको’ म्हटलं नाही. भाव द्या, आणि भाव देऊन मोकळे होऊ नका, विकसित जमिनीत आमचा वाटा ठेवा, ही मागणी होती. शहर आमच्या जमिनीच्या पैशावर उभं राहणार असेल तर आम्ही त्याचे भागीदार आहोत, ही भूमिका. त्या काळच्या डाव्या राजकारणात, जिथे सरकारी मालकी म्हणजे लोकांची मालकी असं मानायची रीत होती, तिथे हा विचार सोपा नव्हता.

जानेवारी १९८४ मध्ये उरणमधल्या जमिनींच्या ताब्यावरून गाडं निकरावर आलं. राज्यात वसंतदादा पाटलांचं सरकार. १६ जानेवारीला जासईजवळ, पनवेल-उरण रस्त्यावरच्या दास्तान फाट्यावर शेतकरी जमले. बाया-माणसं, पोरं-बाळं, गावंच्या गावं. भात कापून झालेलं असतं तेव्हा, शेतं रिकामी, माणूस मोकळा. पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता. लाठ्या चालल्या आणि पाठोपाठ गोळीबार झाला. नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर ठार झाले.

दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, गोळीबार पुन्हा झाला, या वेळी नवघर-पागोटे भागात. पागोट्याचे तिघे गेले: महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील, कमलाकर कृष्णा तांडेल. एका दिवसाचा गोंधळ, बिथरलेला जमाव, घाबरलेला शिपाई असं स्पष्टीकरण पहिल्या दिवसापुरतं कदाचित चाललं असतं. दुसऱ्या दिवशी ते चालत नाही.

ही पाचही माणसं पुढारी नव्हती. त्यांची नावं आज स्मारकांवर आहेत. दर १६ जानेवारीला जासईला आणि १७ जानेवारीला पागोट्याला लोक जमतात, हार घालतात, भाषणं होतात. सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, ज्यांच्या पक्षाचं सरकार तेव्हा होतं त्यांचेही.

त्याच वर्षअखेरीस इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभेची निवडणूक झाली. देशभर काँग्रेसने चारशेवर जागा जिंकल्या. कुलाब्यातून मात्र दि. बा. निवडून आले, शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर. गोळीबारावरचं लोकमत मोजायला आणखी निराळा आयोग नेमायची गरज नव्हती.

याच १९८४ च्या सप्टेंबरात संसदेने भूसंपादन कायद्यात मोठी दुरुस्ती केली. तिचं विधेयक आधीपासून चर्चेत होतं, त्यामुळे ती उरणमुळे झाली असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण उरणचं दुखणं जिथे होतं नेमका तिथे तिने हात घातला. सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या काळासाठी भावावर दरसाल १२ टक्के वाढ आली. आणि कलम ११अ आलं: कलम ६ ची, म्हणजे जमीन लागणारच अशी, घोषणा झाल्यावर दोन वर्षांत निवाडा केला नाही तर संपादनच रद्द. जुन्या घोषणांना ही दोन वर्षं नव्या दुरुस्तीपासून मिळाली. थांबवलेल्या घड्याळाला प्रथमच मुदत पडली. हे कलम लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

साडेबारा टक्क्यांची योजना नवी मुंबईला लागू झाली १९९० मध्ये, आणि १९९४ मध्ये तिला सुधारित रूप आलं. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा. यातली मोठी गोष्ट अशी, की ज्यांच्या जमिनी सत्तरच्या दशकात मुकाट्याने गेल्या होत्या त्या ठाणे पट्ट्यातल्या गावांनाही तिचा लाभ मिळाला. धुतूम आणि पागोट्याच्या माणसांनी गोळ्या खाल्ल्या आणि वाटा तुर्भे, कोपरखैरण्यालाही मिळाला.

आता तिचा हिशेब जवळून पाहू. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी म्हणून पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा, कापला जातो. हातात उरतात साडेतीन गुंठे. त्यावर दीड चटईक्षेत्र, आणि पंधरा टक्क्यांपर्यंत व्यापारी वापर. भूखंड आपल्याच गावात मिळेल असं नाही. आणि तो मालकीने मिळत नाही. मिळतो तो साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. भाडेपट्टा देणारी सिडको, घेणारा शेतकरी. जो १९५७ मध्ये कुळाचा मालक झाला होता, तो आपल्याच जमिनीच्या तुकड्यावर पुन्हा एकदा कूळ होऊन बसला, फक्त खोत बदलला. असं असूनही या साडेतीन गुंठ्यांनी माणसांना जो आधार दिला, तो आधीच्या रोख मोबदल्याने कधीच दिला नव्हता. रोख रक्कम लग्नकार्यात, मोटारसायकलीत, दवाखान्यात गेली. भूखंड निदान काही वर्षं टिकला.

सगळ्यांचाच टिकला नाही. बेलापूरच्या सिडको भवनात फाईल पुढे सरकायची तर वारसदाखला हवा, मूळ निवाड्याची नक्कल हवी, सगळ्या भावाबहिणींच्या सह्या हव्यात. बापाच्या नावावरच्या दीड एकराला चौदा वारस, त्यातल्या सासरी गेलेल्या बहिणी, एखादा दुबईत. इथे बिल्डर मदतीला आला. फाईलचा सगळा खर्च तो करणार, आगाऊ रक्कम देणार, भूखंड मिळाला की सिडको, शेतकरी आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार. पुष्कळ भूखंड सोडत निघण्याआधीच विकले गेलेले होते. उलव्यात, खारघरला, कामोठ्यात उभ्या असलेल्या कितीतरी सात मजली इमारतींच्या पोटात अशी एकेक साडेबाराची फाईल आहे. आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हतं, मिठागरांवर राबणारे, खाडीत पाग टाकणारे, कातकरी, त्यांच्यासाठी टक्केवारीच नव्हती. शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. भागीदारीच्या त्या उदार कल्पनेची ही मर्यादा दि. बां.च्या चाहत्यांनीही मान्य करायला हवी.

बंदराच्या जमिनींचं तर त्याहून रेंगाळलं. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. बंदरग्रस्तांना साडेबारा टक्के जमिनीची पत्रं पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. गोळीबाराला तेव्हा तीस वर्षं झाली होती, आणि दि. बां.ना जाऊन वर्ष उलटलं होतं.

२००६ मध्ये याच मुलखावर दुसरी नोटीस आली. केंद्राने २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे सेझचा कायदा केला होता. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली ४५ गावं आणि सुमारे दहा हजार हेक्टर जमीन रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी घ्यायची होती. या वेळी फरक असा होता, की जमीन घेणार सरकार आणि ती जाणार एका खासगी कंपनीला. आणि दुसरा फरक असा, की गावांना आता सगळे डाव पाठ होते. कलम ४ आलं की हरकती कशा नोंदवायच्या, मोजणीला आलेल्या सर्व्हेअरला काय विचारायचं, कुठल्या कागदाला हात लावायचा नाही, हे घराघरांत माहीत होतं. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील उतारवयातही गावोगाव फिरत होते, उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलनाचे कार्यकर्ते ठाण मांडून होते. सगळ्यांत पुढे बायका.

पेणच्या २२ गावांचा मुद्दा बळकट होता. ती हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. धरण बांधून झालेलं, कालव्याचं पाणी शेतात यायचं राहिलेलं. सिंचनासाठी म्हणून धरण बांधायचं, पाणी द्यायचं नाही, आणि मग शेती एकपिकी आहे म्हणून ती कारखान्याला द्यायची, हे गावांना पटेना. शेवटी सरकारने एक अशी गोष्ट केली जी भूसंपादनाच्या कायद्यात कुठेच लिहिलेली नव्हती. २१ सप्टेंबर २००८ रोजी या २२ गावांत जनमत घेतलं: जमीन द्यायची की नाही? जिल्हा प्रशासनाने केंद्रं मांडली, शेतकऱ्यांनी रांगा लावल्या. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण एवढं होतं की दुसरी बाजू नावापुरतीच राहिली. निकालाच्या औपचारिक घोषणेत मग भलतीच दिरंगाई झाली. त्या मताला कायद्याचं बळ नव्हतंच. पण १९७० मध्ये जो प्रश्न विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं, तो अडतीस वर्षांनी सरकारला विचारावा लागला.

सेझचा शेवट मात्र मतपेटीने केला नाही. तो केला १९८४ च्या कलम ११अ ने. घोषणेला दोन वर्षं झाली, निवाडे झाले नाहीत, आणि २००९ च्या मध्यावर संपादनाची मुदत संपली. मोर्चे, उपोषणं, हरकती, न्यायालयातल्या तारखा या सगळ्यांनी मिळून जे साधलं ते हेच: दोन वर्षं काढली. शेतकऱ्याला वेळ काढता येतो, हे चरीच्या संपातही दिसलं होतं.

नवी मुंबई विमानतळाच्या वेळी सरकार आधीच नरम होतं. दहा गावं उठणार होती, त्यांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देऊ केली गेली. पण २०२१ मध्ये नावाचा वाद निघाला तेव्हा जुनं सगळं पुन्हा वर आलं. सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव सुचवलं. १० जूनला गावांनी मानवी साखळी केली आणि २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापुरात सिडकोला घेराव घातला. कोविडचे दिवस, तरी हजारोंनी लोक. बाहेरून पाहणाऱ्यांना हा अस्मितेचा तंटा वाटला. तो तसा थोडासा होताही. पण आगरी-कोळी पोरांच्या हातात जे फलक होते त्यांवर पाच हुतात्म्यांची आठवण होती. २०२२ मध्ये राज्य सरकारने दि. बा. पाटलांच्या नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं.

या सगळ्या गलबल्यात एक व्यवहार शांतपणे पार पडला. महामुंबई सेझचं एक धाकटं भावंड होतं: नवी मुंबई सेझ. द्रोणागिरी, उलवे, कळंबोली इथली जमीन, सिडकोकडे आधीच असलेली, म्हणजे १९७० च्या अधिसूचनेतून घेतलेली. सेझ म्हणून तिथे फारसं काही उभं राहिलं नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये तिचं एकात्मिक औद्योगिक क्षेत्रात रूपांतर करू दिलं, आणि मार्च २०१९ मध्ये रिलायन्सने त्यातली सुमारे चार हजार एकर जमीन भाडेपट्ट्याने घेण्याचा करार जाहीर केला. सुरुवातीची रक्कम २,१८० कोटी रुपये. एकरी सुमारे साडेचोपन्न लाख पडतात. या खेपेला कलम ४ लागलं नाही, मोजणीला कुणी आलं नाही, हरकती मागवल्या गेल्या नाहीत आणि कुठल्या गावात मतदानकेंद्रही मांडावं लागलं नाही. सातबाऱ्यावर नाव सिडकोचं होतं.